गॅस न पेटवता खजूर आणि सुक्या मेव्याचे लाडू कसे बांधावेत?

आपला प्रश्न असा आहे की, साखर, गूळ किंवा पाक न घेता आणि गॅस न पेटवता केलेले खजूर-मेव्याचे लाडू कधी भुगा होऊन सुटतात, कधी हाताला चिकटून बसतात आणि पावसाळ्यात तर डब्यातच त्यांचा लगदा होतो. तेव्हा नेमके प्रमाण काय घ्यावे? प्रमाण सांगता येते, पण आधी खजूर कोणता घेतला आहे हे पाहावे लागते. इतर लाडवांत जे काम पाक आणि तूप मिळून करतात ते इथे एकट्या खजुराच्या गराला करावे लागते, आणि त्या गरात पाणी किती आहे यावर बाकीचे सगळे ठरते.

मी नवी मुंबईत राहते आणि हा माल बहुधा वाशीच्या बाजार समितीतील मसाला मार्केटमधून आणते. तिथे खजूर मुख्यतः तीन प्रकारांत दिसतो. छोट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येणारा, काळसर आणि अतिशय मऊ असा किमिया खजूर इराणचा असतो. नुसता खायला तो उत्तम, परंतु लाडवासाठी फार ओला. मेडजूल मोठा आणि गरदार असतो, त्याचे लाडू सुरेख बांधले जातात, मात्र तो वाटून टाकायचे जिवावर येते इतका महाग असतो. तिसरा म्हणजे पाकिटात दाबून भरलेला, बिया काढलेला साधा खजूर. दिसायला तो ओबडधोबड असला तरी या कामासाठी मी त्यालाच पहिली पसंती देते, कारण त्यात बांधणीपुरता ओलावा असतो आणि त्याहून अधिक नसतो.

असा दाबलेला खजूर २०० ग्रॅम घेतल्यास बदाम, काजू, अक्रोड मिळून १५० ग्रॅम पुरतात आणि साधारण वीस लहान लाडू होतात. किमियाच वापरायचा असेल तर सुका मेवा २०० ग्रॅमपर्यंत वाढवावा आणि वर दोन-तीन मोठे चमचे खारकेची पूड घालावी. खारीक म्हणजे वाळलेला खजूरच असल्यामुळे ती जादा ओलावा शोषून घेते आणि चवीला परकी वाटत नाही. याच कामासाठी कच्चे ओट्सही अनेकजण घालतात. मला त्यांची पिठूळ चव रुचत नाही, पण बांधणीच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही.

आता वाटण्याविषयी, कारण निम्मे लाडू तिथेच बिघडतात. खजूर आणि मेवा मिक्सरमध्ये एकत्र कधीही घालू नये. आधी कोरड्या भांड्यात फक्त मेवा घ्यावा आणि बटण सलग चालू न ठेवता, थांबत थांबत, जाड रव्याइतका भरड करावा. सलग फिरवल्यास भांडे तापते, बदाम-काजूतील तेल सुटते आणि तेलकट झालेल्या कणांना खजूर नीट धरून ठेवत नाही. ‘एवढा चिकट खजूर घालूनही लाडू का फुटतात’ याचे कारण पुष्कळदा हेच असते. भरड बाजूला काढल्यावर खजुराचे बारीक तुकडे करून, त्यांना त्याच भरडीचा एखादा चमचा चोळून ते वाटावेत, म्हणजे पात्याखाली गोळा अडकून मिक्सर घरघरत बसत नाही. अडकला तरी पाणी किंवा दूध घालू नये. टिकाऊपणा तिथेच संपतो. शेवटी दोन्ही परातीत घेऊन हाताने चांगले मळावे. मूठ घट्ट दाबून उघडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेला मुटका तसाच राहिला, तर मिश्रण जमले. तो फुटला तर आणखी दोन-तीन खजूर वाटून घालावेत. तूप तळहाताला लावावे, पण त्याने बांधणी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात तूप पातळच असते, त्यामुळे त्याच्या भरवशावर वळलेला लाडू फ्रीजबाहेर काढताच सैलावतो.

गॅस न पेटवण्याची अट पाळायची तर काही गोष्टी सोडून द्याव्या लागतात. डिंक तळल्याशिवाय फुलत नाही आणि कच्चा घातला तर दाताला चिकटतो. खसखस आणि किसलेले सुके खोबरे भाजल्याशिवाय खमंग लागत नाहीत. त्याऐवजी बाजारातून तयार भाजलेले, मीठ नसलेले शेंगदाणे किंवा बदाम आणल्यास भाजक्या चवीची उणीव बरीच भरून निघते. वेलदोडा आणि किंचित जायफळ पुरे. सुंठ पावसाळ्यात छान लागते.

खजुराबरोबर अंजीर, जर्दाळू, बेदाणेही चालतात, पण खजुराच्या एक चतुर्थांशाहून अधिक नकोत. अंजीर फोडून आत किडा नाही ना, हे पाहावे. झळझळीत केशरी जर्दाळूला बहुधा सल्फर डायऑक्साइड दिलेला असतो. घरात दम्याचा त्रास असल्यास तपकिरी जर्दाळू घ्यावा. बेदाणे धुवावेत, पण नंतर फडक्यावर पसरून पूर्ण सुकू द्यावेत.

पावसाळ्यातील लगद्याचे कारण खजुरातील फ्रुक्टोज. ही साखर हवेतील बाष्प ओढून घेते, आणि जुलैत आपल्या खाडीकाठच्या हवेत बाष्पाला तोटा नसतो. म्हणून लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावेत. डबा बाहेर काढल्याबरोबर उघडला तर गार लाडवांवर पाणी धरते. म्हणून खायला हवे तेवढेच लाडू वेगळ्या लहान डबीत काढून ठेवावेत आणि ती डबी बाहेर थोडा वेळ राहिल्यावरच उघडावी. अक्रोडाचे तेल लवकर खवट होते, म्हणून अक्रोड अधिक असलेले लाडू आधी संपवावेत.

आपण साखर टाळण्याचा उल्लेख केला आहे, म्हणून हेही लिहिते. खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असतो. वर दिलेल्या प्रमाणातील एका लाडवात सहा ग्रॅमांहून थोडी अधिक साखर, म्हणजे सुमारे दीड चहाचा चमचा, आणि ७० ते ७५ कॅलरी येतात. मैदानावर खेळून आलेल्या मुलाला दोन लाडू द्यायला हरकत नाही. मधुमेह असलेल्या व्यक्तीने मात्र ‘बिनसाखरेचे’ म्हणून ते खाऊ नयेत. चार-पाच वर्षांखालील मुलांसाठी मेवा अगदी बारीक करावा, कारण मोठा तुकडा घशात अडकू शकतो.

वळण्याचा कंटाळा येत असेल तर हेच मिश्रण ताटात दाबून थापावे, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे आणि सुरीने वड्या कापाव्यात. किमिया खजूर वापरला असेल तेव्हा मी तर वड्याच करते.