डॉक्टरांना नवरात्रीचंही सांग

ताई, मी २९ वर्षांची, दांडिया बाजारात आईबाबांबरोबर राहते. दोन वर्षांत तीन डॉक्टर झाले. एकाने नैराश्य म्हटलं, दुसऱ्याने चिंतारोग, तिसऱ्यांना बायपोलरची, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याच्या आजाराची, शंका आहे. सध्या नैराश्याची गोळी चालू आहे. गेल्या नवरात्रीत रोज गरबा खेळून, दोन-तीन तास झोपून ऑफिसला जायचे, तरी ताजीतवानी! दिवाळीनंतर मात्र अंथरुणातून उठवेना. कधी वाटतं, संपलं तर बरं. आई म्हणते, लग्न झालं की होईल ठीक. मला नक्की काय झालंय?
– एक वाचक, वडोदरा

अगं, आधी ‘संपलं तर बरं’ याबद्दल. तो विचार परत आला तर त्याच क्षणी आईला उठव आणि १४४१६ला फोन लाव. ही सरकारी टेली-मानस सेवा आहे, फुकट, रात्रीबेरात्रीसुद्धा. मराठीत बोलता येतं.

आजाराचं नाव मी सांगू शकत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम. पण तुझं नवरात्रीचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्या नऊ रात्री अख्खं बडोदं जागं असतं, म्हणून तुझं जागणं कुणाला खटकलं नाही. पण बाकीच्या मुली दुपारी टेबलावर पेंगत असतील आणि तू नाहीस, तर ही गोष्ट डॉक्टरांना कळायलाच हवी. झोप कमी होऊनही थकवा नाही, डोक्यात विचारांची गर्दी, भरभर बोलणं, भलताच खर्च, हे सलग चार दिवस किंवा जास्त टिकलं का? गरबा संपल्यावरही चालू होतं का? गोळी त्याआधी सुरू झाली की नंतर? बायपोलरमध्ये नैराश्याची गोळी एकटीच दिली तर मन उलट वर उसळू शकतं, म्हणून तारखा महत्त्वाच्या. माणूस दवाखान्यात जातो तो खचल्यावर. बऱ्या दिवसांची तक्रार कोण घेऊन जातं? मग समोरच्याला नैराश्यच दिसतं. मला वाटतं, तुझ्या तीन नावांचं मूळ इथेच असावं.

गोळी मात्र मनाने बंद करू नकोस. तिसऱ्या डॉक्टरांकडे लवकर जा, नाहीतर सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात. आधीच्या चिठ्ठ्या सोबत ने. हरवल्या असतील तर माग. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुझा हक्क आहे. थायरॉईडची रक्ततपासणी झाली नसेल तर विचार, त्याच्या बिघाडानेही मन असं हेलकावतं. मामा-काका, आजी कुणाला असं काही होतं का, तेही घरात विचारून ठेव.

लग्नाचं आईला एवढंच सांग, की आधी निदान. आणि तिच्यावर रागावू नकोस, तिची फार गरज लागणार आहे. स्वयंपाकघरातलं गेल्या वर्षीचं कालनिर्णय काढा, ज्यावर ती दुधाचा हिशोब लिहिते, आणि दोघी बसून एकेक महिना आठवा. कुठे झोप उडाली, कुठे पडून होतीस, पेन्सिलने खुणा करा. मग तेच कॅलेंडर घेऊन तिला डॉक्टरांकडे सोबत ने. रात्री दोन वाजता तू कपाटं आवरायला काढली होतीस का, हे तिलाच आठवत असेल.