आल्फा १.०५ म्हणजे लॅबने फसवलं का?

तुम्ही विचारलंय की ५० मिमी रॉकवूल पॅनलच्या रिपोर्टमध्ये ५०० हर्ट्झला आल्फा (पडलेल्या आवाजापैकी किती शोषला जातो तो आकडा, १ म्हणजे सगळा) १.०५ दिलाय, मग पॅनल १०५ टक्के आवाज शोषतं का, की लॅबवाले गंडवतायत. दोन्ही नाही.

मुळात पॅनलने किती आवाज शोषला हे रिव्हर्ब रूममध्ये (लॅबमधली मुद्दाम घुमणारी खोली) थेट कुणी मोजतच नाही, मोजतात ते खोली किती घुमते ते. टणक भिंतींची मोठी खोली, आयएसओ ३५४ या चाचणीच्या मानकाप्रमाणे किमान १५० घनमीटर, त्यात स्पीकरवर नॉइज लावायचा, खटकन बंद करायचा आणि आवाज ६० डेसिबल उतरायला किती वेळ लागेल ते काढायचं (खरं तर पहिले ५ सोडून पुढच्या २० डेसिबलच्या उतारावरून हिशोब करतात). आधी रिकाम्या खोलीत, मग जमिनीवर सँपल पसरून.

समजा खोली २०० घनमीटर, रिकामी असताना ८ सेकंद, ३ बाय ३.६ मीटरचं सँपल ठेवल्यावर २.१ सेकंद. घुमण्याच्या वेळेवरून खोलीतलं एकूण शोषण काढणारा सॅबिन या शास्त्रज्ञाचा फॉर्म्युला लावा, ०.१६१ गुणिले २०० भागिले वेळ: आधी साधारण ४, नंतर १५.३, फरक ११.३ चौरस मीटर. भागिले सँपलचं क्षेत्रफळ १०.८, आलं की १.०५!

गोम त्या भागाकारात आहे. १०.८ ही फक्त वरची बाजू. कडा उघड्या असत्या तर त्याच ०.६६ चौरस मीटर वाढल्या असत्या, म्हणून त्या फ्रेमने झाकतात, पण तरी सँपलच्या काठाशी ध्वनिलहरी वळून आत ओढल्या जातात, त्यामुळे पॅनल स्वतःच्या आकारापेक्षा मोठं असल्यासारखं वागतं. शिवाय सॅबिनचा फॉर्म्युला धरून चालतो की आवाज खोलीभर सगळीकडून सारखा येतोय, आणि एकट्या जमिनीवर एवढं शोषण झालं की ते तंतोतंत खरं राहत नाही. त्यासाठी छतापासून वाकडेतिकडे डिफ्यूझर (आवाज सगळीकडे विखुरणारे पत्रे) लटकवतात, तरी एकच माल दोन लॅबमध्ये वेगळा आकडा देतो. त्यामुळे १.०५ आणि ०.९५ वाल्या दोन कंपन्यांमध्ये त्या ०.१० साठी जास्त पैसे मोजू नका, माझं तरी हेच मत.

बाकी सॅबिनने १८९५ नंतर हार्वर्डमध्ये हे सुरू केलं तेव्हा दुसऱ्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायचा, ऑर्गन पाइप वाजवायचा आणि स्टॉपवॉच घेऊन कानाने मोजायचा. उघडी खिडकी (तिथून आवाज परत येतच नाही) म्हणजे १ हे मापही त्याचंच, म्हणून १ च्या वर काही दिसलं की आपल्याला खटकतं.

तुमच्या खोलीचा हिशोब करताना १ च्या वरचे आकडे सरळ १ धरा. आणि आल्फापेक्षा आधी माउंटिंग, म्हणजे चाचणीत पॅनल कसं बसवलं होतं, ते बघा. टाइप ए म्हणजे पॅनल थेट पृष्ठभागाला टेकवून मोजलंय, ई-४०० म्हणजे मागे पोकळी ठेवून, पॅनलची पुढची बाजू मागच्या पृष्ठभागापासून ४०० मिमीवर, फॉल्स सीलिंगसारखं. दुसऱ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीचे आकडे छान दिसतात, पण तुम्ही भिंतीला चिकटवणार असाल तर ते तुमच्या कामाचे नाहीत. एनआरसी (शोषणाचा एकच गोळाबेरीज आकडा) एकटा तर बघूच नका, तो २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झची सरासरी, १२५ त्यात येतच नाही, आणि तुम्ही तबला रेकॉर्ड करणार म्हणताय तर डग्ग्याचा घुमारा तिथेच त्रास देणार. डीलरकडे पूर्ण रिपोर्ट मागा, १०० ते ५००० हर्ट्झ वन-थर्ड ऑक्टेव्हचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या प्रत्येक अरुंद पट्ट्याचा वेगळा आकडा देणारा. नुसता एनआरसी छापलेला ब्रोशर पुढे केला तर दुसरा डीलर शोधा.