घरच्या घरी गाडीचं व्हील अलाइनमेंट करता येतं का? माझी गाडी डावीकडे ओढते.

येतं. निदान टो, म्हणजे वरून पाहता पुढची दोन चाकं एकमेकांना किती समांतर आहेत ते, तरी नक्की जुळवता येतो. ‘मशीनशिवाय शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांत माझे दीर आहेत, ते गाड्यांच्या एका कंपनीत नोकरी करतात, आणि हा वाद २००९ पासून चालू आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तेव्हा आमच्याकडे सेकंडहँड मारुती ८०० होती. एका गॅरेजने दोन्ही टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं) बदलले, अंदाजाने बसवले आणि ‘अलाइनमेंट करून घ्या’ म्हणून गाडी हातात दिली. ते राहून गेलं. दीड महिन्यात पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा गेल्या. हात एकीकडून फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवत.

माझे वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. ते खुर्ची टाकून बसले आणि हात मला लावायला लावले. अंगणात शहाबादी फरशी होती, तिला उतार नव्हता. आधी चारही टायरमधली हवा सारखी केली. पुढची चाकं जॅकवर घेऊन एकेक फिरवलं आणि खिळा टेकवून टायरच्या मधोमध बारीक रेघ ओढली. गाडी खाली घेतली, बॉनेट दोन-चारदा दाबलं, स्टिअरिंग सरळ धरून गाडी दोन मीटर पुढे ढकलली. हे ढकलणं कुणी करत नाही आणि मग माप चुकतं, कारण जॅकवरून उतरलेली चाकं ताणलेलीच उभी असतात.

शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. टायर पुढच्या बाजूने जिथे सगळ्यात बाहेर येतो तिथल्या रेघेवरून ओळंबा सोडायचा, फरशीवर खडूने खूण करायची. मागच्या बाजूनेही तसंच. दोन्ही चाकांच्या मिळून चार खुणा होतात. मग गाडी बाजूला घ्यायची आणि फरशीवर टेपने मापायचं, इंजिन मध्ये येत नाही. आमच्या पुढच्या खुणांमधलं अंतर मागच्यांपेक्षा ९ मिलिमीटर जास्त निघालं, म्हणजे टो-आउट, चाकं पुढच्या बाजूने बाहेर फाकलेली. १४५/७० आर १२ टायरचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर. वडिलांनी पाटीवर भागाकार करून दाखवला: दोन्ही टायर मिळून किलोमीटरला जवळपास १८ मीटर आडवे घासत होते! दीड महिना टिकले हेच खूप.

खडूच्या खुणा फरशीवर असतानाच दीर आले. म्हणाले, “वहिनी, सुतळीने मांडव बांधतात, अलाइनमेंट नाही.” मी गप्प राहिले. टाय रॉड जागेवर पकडून ठेवणारा चेक नट ढिला केला, रॉडवरच्या रबरी बुटाची (आवरणाची) क्लिप सैल केली (नाहीतर बूट पिळवटून फाटतो) आणि रॉड थोडा थोडा फिरवत, दर वेळी गाडी ढकलून, परत मापत १ मिलिमीटर टो-इनवर (चाकं पुढच्या बाजूने किंचित आत) आणलं. तुमच्या गाडीला किती टो लागतो ते मॅन्युअलमध्ये बघा. रॅक (दोन्ही टाय रॉड ज्याला जोडलेले असतात तो स्टिअरिंगचा आडवा दांडा) अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर रॉड लांब केला की टो-इन होतो, पुढे असेल तर उलटं.

गाडी सरळ चालली, पण स्टिअरिंग तिरकं. मी एकच रॉड फिरवला होता, उजवा. दोन्ही सारखे फिरवायला हवेत. भाऊजींनी तेवढंच धरलं आणि दर गणपतीत जेवताना तिरक्या स्टिअरिंगची गोष्ट निघते. पुढच्या रविवारी मी ते सरळ केलं आणि पुढे कडा खाल्ल्या गेल्या नाहीत, हे मात्र कुणी सांगत नाही. पुढे एकदा त्यांच्याच आग्रहाने मशीनवर गाडी नेली. तिथल्या मुलाने टायरमधली हवासुद्धा न बघता चाकांना मशीनची मापायची डोकी लावली आणि हिरव्या आकड्यांचा कागद दिला. मशीन चांगलंच असतं हो, माणूस घाईत असतो.

आता तुमचं डावीकडे ओढणं. तो बहुतेक टोचा दोष नाहीच. टो बिघडला तर टायर खातो, स्टिअरिंग तिरकं होतं, एका बाजूला ओढ सहसा लागत नाही. आपले रस्ते पाणी जायला कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो, तेव्हा थोडं डावीकडे जाणारच. सपाट मैदानात बघा. तिथेही ओढत असेल तर हवा तपासा, मग पुढचे टायर डावे-उजवे बदला (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच). ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर डावा ब्रेक जाम आहे का पाहा.

कॅम्बर-कास्टर (चाकाचा उभा कल आणि ते ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) घरी करू नका, बऱ्याच छोट्या गाड्यांत ते फिरवायची सोयच नसते. टाय रॉड एंड किंवा लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश ढिले असतील तर आधी ते बदला, नाहीतर मापाला अर्थ नाही. नव्या गाडीत ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर स्टिअरिंगचा सेन्सर कॅलिब्रेट करावा लागू शकतो, तिथे सरळ मशीनवर जा. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावा. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

पान्यावर चढवायला हातभर लोखंडी पाईप जवळ ठेवा. त्या गॅरेजवाल्याने डावा चेक नट असा आवळला होता की पहिल्या दिवशी माझ्याच्याने हललाच नाही, म्हणून फक्त उजवा फिरवला. पाईप पुढच्या रविवारी मिळाला. भाऊजींसमोर नट हलत नाही म्हणणार कोण!