विचारा भाऊ: जॉनी कॅशचा आवाज डीव्हीडीवर बारीक काऊन लागते?

प्रश्न: भाऊ, नमस्कार जी. मी घाटंजी तालुक्यातला, घरी आठ एकर पऱ्हाटी हाय. भाचा पुण्याले नोकरीले हाय, त्याच्यापाई मले जॉनी कॅश या अमेरिकन गायकाच्या गाण्याचा नाद लागला. इंग्रजी निम्मं समजते निम्मं नाही, पण आवाज असा हाय का विहिरीतून कोणी बोलून राह्यलं. मांगच्या दिवाळीले नागपुरात जुन्या डिस्कच्या दुकानात त्याच्या जीवनावरच्या 'वॉक द लाइन' सिनेमाची डीव्हीडी भेटली, दीडशे रुपयाले. घरी ४३ इंची टीव्ही हाय. चित्र धुवट दिसते, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, अन् मुख्य म्हणजे आवाज मले बारीक लागते. भाचा म्हणते सिनेमात कॅश स्वतः गातच नाही म्हणून तसं वाटते, अन् चित्रासाठी ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून साफ चित्राची डिस्क, घे. मंग प्लेअरही नवीन घ्या लागन. घेऊ का नको?
(एक वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर: दादा, भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सिनेमात आवाज कॅशचा नाही, त्याचं काम करणाऱ्या होआकिन फिनिक्सचा आहे, आणि कॅशची गायिका बायको जून कार्टर हिची गाणी रीस विदरस्पूननं स्वतः गायली, त्याच भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. टी बोन बर्नेट या संगीतकारानं दोघांकडून गाणी बसवून घेतली, तिनं तर ऑटोहार्प वाजवायलाही शिकून घेतलं, म्हणजे आपल्या स्वरमंडळाच्या वाणाचं वाद्य समजा. तर फिनिक्सचा आवाज कॅशइतका खोल नाही हे खरं. पण तुमचा कान चुकला असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही जे सांगता ते मी स्वतः अनुभवलंय आणि त्याचं कारण बहुतेक वेळा डिस्कमधे असतं.

सिनेमा कॅमेऱ्यात एका सेकंदाला २४ चित्रं या हिशोबानं चालतो. आपल्याकडची आणि युरोपातली जुनी टीव्ही पद्धत, जिला पाल म्हणतात, ती सेकंदाला २५ चित्रांची. मग पालच्या डीव्हीडीवर सिनेमा चढवताना सरळ मार्ग काय, तर २४ ची २५ करून सगळा सिनेमा चार टक्के जोरात पळवायचा. चित्रात कोणाला काही कळत नाही, माणसं थोडी भरभर चालतात इतकंच. आवाज मात्र सोबतच पळतो आणि वर चढतो, पेटीच्या एका पट्टीपासून लगेच शेजारच्या काळी-पांढरीपर्यंत जेवढं अंतर त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. मारधाडीच्या सिनेमात हे खपून जातं, पण ज्या सिनेमाचा जीवच एका माणसाच्या खर्जात आहे तिथं ते कसं खपेल?

माझ्याकडं या सिनेमाची पहिली डिस्क होती ती पालचीच. मला दोन वर्षं वाटायचं की काहीतरी हलकं लागतंय, पण टीव्हीचा दोष समजून सोडून द्यायचो. मग सिनेमाच्या गाण्यांची सीडी हाती आली. एका रात्री आमच्या भजन मंडळाची पेटी समाजमंदिरात तशीच उघडी होती, पेटीवाले काकाजी बसले होते, खंजिरी भिंतीला टांगलेली. मी सीडीवरचं 'जॅक्सन' लावलं, ते दोघं मिळून म्हणतात ते, काकाजींनी दोन-तीन पट्ट्या चाचपल्या आणि एकीवर बोट ठेवलं, गाणं त्यात जाऊन बसलं. मग तेच गाणं डीव्हीडीवर. काकाजींनी तीच पट्टी दाबली, मान हलवली, शेजारची दाबली, परत मान हलवली. म्हणाले, हे तर दोघींच्या मधात पडून राह्यलं बाप्पा, हे कोणत्या पेटीत वाजन? इंग्रजीचा एक शब्द न कळणाऱ्या माणसानं अर्ध्या मिनिटात रोग सांगितला.

तुमच्याकडं पेटी नसली तरी घड्याळ आहे. थेटरात आला तो सिनेमा १३६ मिनिटांचा. डिस्क प्लेअरमधे टाकून एकूण वेळ पाहा. १३५-१३६ दाखवत असेल तर वेग बरोबर आहे, १३०-१३१ दाखवत असेल तर पळवलेला आहे. एक घोळ होऊ शकतो, नंतर याची १५३ मिनिटांची वाढीव आवृत्तीही निघाली, ती पळवली तर १४७ च्या आसपास येते, म्हणून कव्हरवर कोणती आवृत्ती ते आधी वाचा. काही पाल डिस्कवर आवाज परत खाली ओढून दुरुस्त केलेला असतो, तसं असेल तर वेळ कमी दिसूनही सूर नीट लागेल, तेव्हा शेवटचा निकाल कानाचाच.

याच्याउलट अमेरिकन पद्धतीच्या, म्हणजे एनटीएससीच्या डीव्हीडीवर सूर जागेवर राहतो. तिथं कॅमेरा आडवा फिरला की चित्र किंचित अडखळतं, पण गाण्याच्या सिनेमाला मी तो तोटा आनंदानं सोसेन. ब्लू-रेवर २४ चित्रं असतात तशीच राहतात, सूरही शाबूत आणि चित्रही.

हे सूर प्रकरण मी इतकं ताणून धरतोय त्याला कारण आहे. ज्या गाण्यावरून सिनेमाचं नाव आलं ते कॅशनं १९५६ साली मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स कंपनीसाठी रेकॉर्ड केलं, त्यात कडव्या-कडव्याला पट्टी बदलते आणि तो प्रत्येक कडव्याच्या आधी तोंडातल्या तोंडात हंऽऽ करून सूर धरतो, मग शब्द उचलतो. शेवटचं कडवं तर पहिल्यापेक्षा पूर्ण एक सप्तक खाली आहे. विहिरीतला आवाज तुम्ही म्हणता तो तिथंच आहे. आता अशा माणसाची गोष्ट सांगणारा सिनेमा, आणि त्यातला सूरच कोणीतरी वर ओढून ठेवला, हे मला पटत नाही.

आता खर्चाचं. ब्लू-रेच्या आधी एक काम करा, टीव्हीचा स्पीकर सोडा. पातळ टीव्हीचे स्पीकर बोटभर असतात आणि बरेचदा मागं नाहीतर खाली तोंड करून बसवलेले, खर्जाचा आवाज त्यातून निघतच नाही. घरात जुना होम थेटर पडला असेल, गणपतीत लावता ते ॲम्प्लिफायर असेल, दोन मोठे स्पीकर जोडून पाहा. सिनेमाची सुरवात १९६८ च्या फॉल्सम तुरुंगातल्या कार्यक्रमापासून आहे, कॅश आत लाकूडकामाच्या खोलीत करवतीपाशी उभा आणि बाहेर कैदी पाय आपटून राह्यले. तो धमधम छातीत लागला पाहिजे. आणि दुसरी परीक्षा बारीक आवाजाची: कॅशच्या सुरवातीच्या टोळीत ढोलकी-बिलकी वाजवणारा कोणी नव्हता, म्हणून तो गिटारच्या तारांत कागदाची घडी अडकवायचा, त्यातून खसखस असा ठेका निघायचा. ती खसखस गिटारपासून वेगळी ऐकू येते का ते पाहा. सगळं एकात एक कालवल्यासारखं येत असेल तर डिस्कवरचा आवाज फार दाबून भरलेला आहे, स्पीकर बदलून त्याचं काही होणार नाही.

चित्राचं थोडक्यात सांगतो. हा सिनेमा रुंद आहे, उंचीच्या २.३५ पट रुंदी, म्हणून वर-खाली पट्ट्या येणारच, तो दोष नाही. झूमचं बटण दाबून त्या घालवू नका, घालवल्या की कडेला उभी असलेली जून अर्धी कापली जाते. पालच्या डीव्हीडीवर ५७६ ओळी असतात, त्यातल्या पट्ट्यांत जाऊन सिनेमाला उरतात ४३५ च्या आसपास, आणि तुमचा टीव्ही तेवढ्याच ताणून ४३ इंचावर पसरवतो. धुवट दिसणारच ना. ब्लू-रेवर १०८० पैकी आठशेच्या वर ओळी सिनेमाच्या वाट्याला येतात. फरक कुठं दिसतो ते सांगतो, सुरवातीला अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या डायस गावचं कापसाचं शेत आहे तिथं. कॅशचं घरदार कापूस वेचणारं, सरकारनं वसवलेल्या वसाहतीत २० एकर मिळालेलं, १९४४ साली थोरला भाऊ जॅक करवतीत सापडून गेला तो इथलाच काळ. डीव्हीडीवर ते शेत म्हणजे पांढरे डाग सांडलेले. ब्लू-रेवर बोंडं वेगवेगळी दिसतात. आपण वेचणीच्या दिवसांत सकाळी दव पडलेलं असताना पाहतो ना, तशी. माझ्या आईनं ते एवढं एक दृश्य उभ्यानं पाहिलं आणि म्हणाली, यांच्या पोरांच्या बोटालेही चिरा पडत असतील. तिनं बाकीचा सिनेमा पाहिला नाही, पण मला वाटतं जे पाहायचं ते पाहिलं.

तर माझं मत: घड्याळ लावून पाहा. डिस्कचा वेग बरोबर निघाला तर पैसे स्पीकरवर घाला आणि ब्लू-रे पुढच्या सालचं बोंडं फुटेपर्यंत थांबू द्या. पळवलेली निघाली तर मात्र ती डिस्क ठेवू नका, ब्लू-रे घ्या, प्लेअर जुना घेतला तरी चालतो, कोणाच्या घरी प्लेस्टेशन थ्री पडलं असेल तर त्यावरही लागते. डीव्हीडीच्या प्लेअरमधे ब्लू-रे लागत नाही, लेझरच वेगळा असतो. आणि मागवताना रीजन, म्हणजे डिस्क कोणत्या देशांच्या प्लेअरवर लागते त्याचा नंबर, विचारून घ्या. आपल्या देशाला डीव्हीडीसाठी ५ नंबर आणि ब्लू-रेसाठी सी, अमेरिकेला १ आणि ए. कुलूप असलेली डिस्क आली तर ती टेबलावर शोभेलाच राहील.

प्रश्न: मी वणीकडचा, कोळसा खाणीत कामाले आहो. 'कोल मायनर्स डॉटर' पाहिला, फार आवडला, पण पूर्ण चित्रावर बारीक रवाळ दाणे हलताना दिसतात. मित्र म्हणतो प्रिंट खराब आहे. त्यानं टीव्हीत काहीतरी सेटिंग केली, दाणे गेले, पण आता पाहावंसं वाटत नाही. काय चुकलं?
(एक वाचक, वणी तालुका)

उत्तर: मित्राला म्हणावं सेटिंग होती तशी कर. ते दाणे फिल्मचे आहेत, १९८० चा सिनेमा फिल्मवरच चित्रित झाला आणि फिल्मला रवा असतोच, पोताला धागा असतो तसा. त्यानं नॉइज रिडक्शन चालू केलं असणार, ते यंत्र दाण्यांसोबत कातडीवरच्या सुरकुत्या, घाम, खाणीतून आलेल्या माणसाच्या तोंडावरची काजळी सगळं पुसून टाकतं. चेहरा कसा होतो, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावर नवीन ऑइलपेंट मारल्यासारखा. तुम्हाला पाहावंसं वाटत नाही ते बरोबरच आहे, खाणीवरून आलेला माणूस कसा दिसतो हे तुम्ही रोज पाहता.

हा सिनेमा ज्या गायिकेच्या जीवनावर आहे त्या लोरेटा लिनचं घर अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या बुचर हॉलोमधलं, बाप खाणकामगार. सिसी स्पेसेकला या भूमिकेसाठी लोरेटानं स्वतः निवडलं, स्पेसेकनं सगळी गाणी आपल्या आवाजात गायली आणि ऑस्कर घेतलं. बापाचं काम लेव्हॉन हेल्म या ड्रमवाल्यानं केलंय, आणि काय केलंय! राल्फ बोडच्या छायाचित्रणालाही ऑस्करचं नामांकन होतं. ते धुकं, चुलीचा धूर, कंदिलाचा उजेड, हे सगळं त्या दाण्यांतच उभं आहे. दाणे काढले की धुकं नुसता राखाडी डाग होऊन बसतं.

खरा दोष ओळखायचा असेल तर अंधारात पाहा. घरातला दिवा बंद करून रात्रीचं नाहीतर खाणीतलं दृश्य लावा आणि सावलीच्या कोपऱ्यात बघा. दाणा असेल तर तो क्षणाक्षणाला नवीन असतो, सगळीकडं सारखा, कुठं थांबत नाही. पण काळ्या भागात चौकोन चौकोन दिसले, पाय पुसण्याच्या तरटासारखे, आणि ते जागेवर चिकटून राहिले, तर डिस्कमधे जागा कमी पडली म्हणून चित्र जास्त दाबलंय. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५, ब्लू-रेत २५ नाहीतर ५०. दोन तासांच्या वरचा सिनेमा आणि सोबत मुलाखती-बिलखती सगळं एकाच थरात कोंबलं की पहिला मार अंधाराला बसतो.

टीव्हीवर सिनेमा मोड लावा, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, नॉइज रिडक्शन बंद, आणि चित्र गुळगुळीत करणारं जे मोशनचं बटण असतं तेही बंद. पहिल्या दिवशी चित्र मवाळ वाटेल, दोन दिवसांनी डोळा सरावतो.

प्रश्न: अशा सिनेमांच्या डिस्कवर मराठी सबटायटल भेटतात का? अन् इंग्रजी सबटायटल लावले तर गाणं सुरू झालं का गायब होतात, काऊन?
(एक वाचक, वरुड)

उत्तर: मराठीत असलेली माझ्या तरी पाहण्यात आली नाही. इंग्रजीचं असं आहे की साध्या सबटायटलमधे बरेचदा फक्त बोलणं लिहितात, गाणं सोडून देतात. मेनूत जाऊन कर्णबधिरांसाठीचे सबटायटल आहेत का पाहा, एसडीएच असं लिहिलेलं असतं. त्यात बहुतेक गाण्याचे शब्दही येतात, शिवाय दार वाजलं, गर्दी ओरडली हेही लिहितात. ज्या सिनेमात अर्धी गोष्ट गाण्यातून सांगितली जाते तिथं तेच लावावेत, पोरांना शब्द वाचून गाणं पाठही होतं.

प्रश्न: उन्हाळ्यात डिस्क खराब होतात का? आमच्या घरी टिनाचं छत आहे.
(एक वाचक, आर्वी)

उत्तर: होतात. टिनाखाली मे महिन्यात कपाटात ठेवलेली डिस्क वाकते, टेबलावर आडवी ठेवून पाहा, कडेखालून उजेड दिसला तर वाकली. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, शक्यतो माळ्यावर नको, मातीच्या भिंतीच्या खोलीत खालच्या फळीवर ठेवा. पुसायची तर मऊ सुती कापडानं, मधल्या छिद्रापासून सरळ कडेकडं. गोल गोल पुसू नका, गोल ओरखडा पडला तर लेझर त्या ओरखड्यावरूनच चालत राहतो आणि गाणं नेमकं तिथंच अडकतं.