क्लाउड कंपन्या (इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या) स्वतःचे प्रोसेसर का बनवतात? आपण त्यांवर जावं का?

एक मोठं कारण वीज. प्रोसेसर एकदाच घ्यायचा असतो, पण तो चालवायला आणि थंड ठेवायला वीज रोज लागते. ॲमेझॉनने २०१५ मध्ये अन्नपूर्णा लॅब्ज ही चिप कंपनी विकत घेतली आणि २०१८ मध्ये आर्म रचनेचा (मोबाइलमध्ये असते ती, कमी वीज खाणारी रचना) ग्रॅव्हिटॉन हा प्रोसेसर आणला. मायक्रोसॉफ्टचा कोबाल्ट २०२३ मध्ये जाहीर झाला, गूगलचा ॲक्सिऑन २०२४ मध्ये.

जावं का? माझ्या मते हो, पण आधी तपासून. पायथन, जावाचा कोड बहुधा जसाच्या तसा चालतो. अडतं ते सी-सी++ मधल्या लायब्ररींपाशी (तयार कोडच्या संचांपाशी): त्या आर्मसाठी पुन्हा कंपाइल कराव्या, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेत बदलून घ्याव्या लागतात, कंटेनर इमेजही (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) वेगळी बनवावी लागते. एखादं बंदिस्त सॉफ्टवेअर फक्त एक्स८६ वरच (इंटेल, एएमडीच्या प्रोसेसरांच्या रचनेवर) चालत असेल, तर ती सर्व्हिस तूर्त हलवू नका.