स्प्रिंटचे पॉइंट आणि पगाराचा हिशेब

प्रश्न : आमच्या नऊ जणांच्या सॉफ्टवेअर टीममध्ये यंदापासून प्रत्येकाने पूर्ण केलेले स्टोरी पॉइंट (कामाच्या एका तुकड्याला, म्हणजे स्टोरीला, टीमनेच आधी दिलेला मोठेपणाचा अंदाज) अप्रेझलमध्ये धरतात. सहा स्प्रिंटमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामाच्या सहा फेऱ्यांत, टीमचा आकडा 40 वरून 60 वर गेला. मॅनेजर खूश आहेत, पण ग्राहकाकडून येणारे बगही वाढलेत. असे का व्हावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पॉइंट बाजूला ठेवून आधी पूर्ण झालेल्या स्टोरी मोजा. तेव्हा स्प्रिंटला 12 होत होत्या आणि आजही 12च होत असतील, तर काम वाढलेले नाही. एका स्टोरीचा सरासरी भाव तेवढा 3.3 वरून 5 वर गेला आहे. खात्री करायची तर पहिल्या स्प्रिंटमधल्या पाच स्टोरी काढा, जुने आकडे झाका आणि टीमकडून नव्याने अंदाज घ्या. ज्यांनी त्या स्टोरी केल्या त्यांना मात्र यातून वगळा, कारण केलेले काम मागे वळून पाहताना नेहमी सोपे वाटते. तेव्हाच्या 3ला आज 5 मिळत असतील, तर फुगवटा तुमच्या समोरच आहे.

यात टीमची लबाडी शोधू नका. सोलापुरात विडी कामगाराला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिथे विडी वळणारी वेगळी, मोजून घेणारा वेगळा, आणि खराब माल छाटला जातो. स्टोरी पॉइंटमध्ये भाव सांगणारे आणि काम करणारे एकच असतात. अशा आकड्यावर पगार बांधला की भाव चढणारच. पॉइंटची सुरुवातही मजुरीसाठी झालेली नव्हती. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या सुरुवातीच्या टीम ‘आदर्श दिवसां’त (मध्ये कसलाही अडथळा न येता लागणाऱ्या दिवसांत) अंदाज करत आणि प्रत्यक्षात साधारण तिप्पट वेळ धरत. तीन दिवसांच्या कामाला नऊ दिवस का, असे लोक विचारू लागले, तेव्हा ‘दिवस’ हा शब्द काढून ‘पॉइंट’ आणला गेला. त्या मूळ मंडळींपैकी रॉन जेफ्रीज यांनी, ही कल्पना आपली असेल तर आपल्याला तिचा खेद वाटतो, असे जाहीरपणे लिहिले आहे. स्प्रिंटमध्ये काम करण्याच्या स्क्रम या पद्धतीची अधिकृत मार्गदर्शिका म्हणजे स्क्रम गाइड; तिच्या 2020च्या आवृत्तीत स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही.

बग वाढण्याचे कारण अर्थतज्ज्ञ बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी 1991 साली मांडले. माणसाकडे अनेक कामे असतात. त्यातले मोजता येणारे एकच काम मोबदल्याला जोडले, तर कष्ट तिकडे वळतात आणि न मोजलेली कामे उपाशी राहतात. तुमच्याकडे ती कामे म्हणजे टेस्ट लिहिणे, दुसऱ्याचा कोड तपासणे, नव्या मुलाला शिकवणे. एका स्टोरीत दोघे अडकले तर पॉइंट कोणाचे, या प्रश्नामुळे मदत करणेही थांबते, आणि आमच्या मते सर्वांत मोठे नुकसान हेच.

पुढच्या वर्षी याची उलट बाजू दिसेल. समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांनी 1940च्या दशकात अमेरिकेतल्या एका यंत्रशाळेत नगावर मजुरी घेत काम करून निरीक्षणे नोंदवली आणि 1952 साली प्रसिद्ध केली. जास्त कमाई दिसली तर दर कापला जाईल, या भीतीने कामगार ठरावीक मर्यादेपुढे मुद्दाम जात नसत. यंदाचे 60 पुढच्या वर्षी किमान अपेक्षा ठरणार हे कळले की तुमच्या टीममध्येही आकडा तिथेच रेंगाळेल.

मॅनेजरशी बोलताना पॉइंट नियोजनापुरते ठेवा म्हणावे. टीमसाठी दोन गोष्टी मोजाव्यात : काम हाती घेतल्यापासून ते ग्राहकापर्यंत पोचायला लागलेले दिवस आणि ग्राहकापर्यंत पोचलेले दोष. या दोन्ही एकत्रच पाहायच्या. नुसते दिवस मोजले तर घाई वाढते, नुसते दोष मोजले तर कोणी काही सोडायलाच धजत नाही.

प्रश्न : एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी नोकरीच्या जाहिरातींवरून अजाइल (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत बनवण्याच्या पद्धती) कौशल्यांची मागणी आणि तिचा पगारावरील परिणाम मोजायचा आहे. कुठे चुकू शकेन? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : मार्ग योग्य आहे. अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी 2007 पासूनच्या अमेरिकी जाहिराती वापरून तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांत कौशल्ये किती वेगाने बदलतात हे 2020 साली दाखवले. पण कच्चा माल साफ करण्यातच तुमचा निम्मा वेळ जाईल, तेवढा आधीच राखून ठेवा.

पहिली अडचण ‘अजाइल’ या शब्दाचीच आहे. 2001च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्ड इथे 17 जणांनी जाहीरनामा लिहिला तेव्हा त्याला नेमका अर्थ होता. आज तो ‘चपळ वृत्ती हवी’ अशा वाक्यातही येतो. म्हणून स्क्रम, कानबान (कामे फलकावर मांडून पुढे सरकवण्याची पद्धत), स्प्रिंट, बॅकलॉग (करायच्या कामांची क्रमवार यादी), जिरा (कामे नोंदवण्याचे सॉफ्टवेअर) अशा ठोस शब्दांची यादी करा. मग 300 जाहिराती दोघांनी स्वतंत्रपणे वाचून ‘खरी मागणी’ की ‘नुसता शब्द’ अशी खूण करावी आणि दोघांची सहमती कोहेनच्या कापाने (योगायोगाने जुळलेली मते वजा करून सहमती मोजणाऱ्या आकड्याने) तपासावी. कापा 0.7च्या खाली आला तर नियम पुन्हा लिहा आणि नव्या जाहिरातींवर तपासा.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. एकच जागा कंपनी आणि तीन भरती एजन्सी वेगवेगळ्या दिवशी टाकतात. कंपनीचे नाव काढून उरलेला मजकूर जुळवून पाहा. नोटिसचा काळ अनेकदा 90 दिवसांचा असल्याने होकार देऊन ऐन वेळी न येणारे उमेदवार असतात आणि तीच जागा पुन्हा निघते. म्हणून जाहिरातींची संख्या म्हणजे भरती नव्हे, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

पगाराचा निष्कर्ष मात्र जपून काढा. स्क्रम मास्टरच्या (टीममध्ये स्क्रम नीट चालवून घेणाऱ्याच्या) जाहिराती बहुधा अनुभवी माणसांसाठी असतात, त्यामुळे सरळ सरासरी काढली तर अनुभवाचा पगार स्क्रमच्या नावावर जमा होईल. तुलना एकच पद, एकच शहर आणि एकच अनुभवगट यांच्या आत करा, आणि प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) कंपनीनुसार गटबद्ध करा, कारण एकाच कंपनीच्या जाहिराती एकमेकींसारख्या असतात. पगार न लिहिलेल्या जाहिराती गाळल्यावर उरलेला नमुना कसा वेगळा आहे, याचा तक्ता जोडाच. संकेतस्थळाच्या अटी आधी वाचा. माहिती साठवताना भरती करणाऱ्यांचे फोन आणि ईमेल काढून टाका.

प्रश्न : टेस्टिंगमध्ये चार वर्षे आहे. कंपनी स्क्रमच्या प्रमाणपत्राचे पैसे भरते, पण एक वर्षाचा बाँड मागते. घ्यावे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांच्या 1973च्या मांडणीनुसार, जे मिळवणे सर्वांना सारखेच सोपे, त्यावरून माणूस ओळखता येत नाही. स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत 60 मिनिटांत 80 प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यासाठी 85 टक्के गुण लागतात. वर्गाची सक्ती नाही, मुदतही संपत नाही. स्क्रम अलायन्स या दुसऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राला आधी मान्यताप्राप्त वर्ग करावा लागतो आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण. दोन्हींचा उपयोग अर्ज चाळणीतून पुढे सरकण्यापुरता. मुलाखतीत तुम्ही बॅकलॉग कसा लावला, हेच विचारले जाईल.

हे कौशल्य कुठल्याही कंपनीत चालते, म्हणून खर्च करणारी कंपनी तुम्हाला बांधू पाहते. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 मध्ये हाच पेच मांडला होता. फक्त परीक्षा द्यायची असेल तर फी स्वतः भरून मोकळे राहणे बरे. वर्ग महाग असेल आणि बाँड घ्यायचाच असेल, तर रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकीच असावी आणि दर महिन्याला बाराव्या हिश्शाने कमी व्हावी, असे लेखी घ्या. कंपनीने स्वतःहून काढले तर वसुली नाही, हे वाक्यही त्यातच हवे.