वाचकांचे प्रश्न : सिडनीतल्या घरचा पूल आणि हॉट टब

प्रश्न : सिडनीच्या पश्चिम उपनगरात पूल असलेलं घर घेतोय. करारासोबत पूलचं 'नॉन-कम्प्लायन्स' प्रमाणपत्र आहे, म्हणजे पूल सुरक्षेच्या नियमांत बसत नाही. व्यवहार अडेल का? घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

उत्तर : अडणार नाही, पण दुरुस्ती तुमच्या गळ्यात पडेल. न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनी ज्या राज्यात आहे तिथे) २९ एप्रिल २०१६ पासून असं घर कम्प्लायन्स किंवा नॉन-कम्प्लायन्स, कोणतंही एक प्रमाणपत्र जोडून विकता येतं. तुमच्यासारख्या व्यवहारात सेटलमेंटपासून, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर ताब्यात येतं त्या दिवसापासून, ९० दिवसांत खरेदीदाराने त्रुटी दूर करायच्या असतात. प्रमाणपत्रासोबत त्रुटींची यादी मागा आणि खर्चाचा अंदाज घेऊनच किमतीचं बोला. मुलगी लहान आहे, तेव्हा ९० दिवसांची वाट पाहू नका. सामान हलवण्याआधीच काम उरका.

सुरुवात पूलच्या कुंपणाच्या गेटपासून करा. ते पूलच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर उघडलं पाहिजे. पूर्ण उघडून सोडा, मग अर्ध्यावरून, आणि शेवटी कडीला नुसतं टेकलेलं असताना. तिन्ही वेळा हात न लावता कडी बसली पाहिजे. नवं गेटही वर्षा-दोन वर्षांत या शेवटच्या परीक्षेत अडकू शकतं : जमीन दबून खांब कलतो, गेट खाली येतं आणि कडी खाचेच्या खाली आपटते, किंवा बिजागरीची स्प्रिंग ढिली पडते. स्प्रिंग ढिली असेल तर ताण वाढवून काम भागतं. खांब कललेला असताना ताण वाढवला तर मात्र गेट जोरात आपटून कडीच मोडते. तिथे खांब सरळ करून पुन्हा काँक्रीट भरण्याला पर्याय नाही.

कुंपण बाहेरून किमान १.२ मीटर उंच हवं. उभ्या पट्ट्यांमधली आणि खालची फट १० सेंटीमीटरच्या वर नको. शेजाऱ्याच्या हद्दीवरचं कुंपण पूलचं कुंपण म्हणून धरलं असेल तर ते १.८ मीटर लागतं. आणि मराठी घरांत हमखास राहून जाणारी गोष्ट : कुंपणापासून ९० सेंटीमीटरच्या आत तुळशीची कुंडी, खुर्ची, बार्बेक्यू, पाइपचं रीळ, काहीही नको. तीन वर्षांचं मूल कुंडीवर पाय देऊन सहज पलीकडे जातं. पूलजवळ लावणं सक्तीचं असलेल्या सीपीआरच्या (श्वास-हृदय थांबल्यास द्यायच्या प्रथमोपचाराच्या) फलकावरही ही ९०० मिलिमीटरची सूचना असते.

पूल सरकारी स्विमिंग पूल रजिस्टरवर आहे का, तेही पाहा. नोंदणी ऑनलाइन होते. पण नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे. कम्प्लायन्स प्रमाणपत्र (पूल नियमांत बसतो असं सांगणारं) कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, किंवा परवानाधारक तपासनीस देतो आणि ते तीन वर्षं चालतं. पुढे घर भाड्याने दिलंत तरी ते लागेल.

प्रश्न : डेकवर हॉट टब बसवलाय. त्यालाही कुंपण हवं?

उत्तर : वापरात नसताना मुलांना उघडता येणार नाही असं झाकण पक्कं लावून ठेवत असाल, तर कुंपण लागत नाही. नोंदणी मात्र लागते. नुसतं फोमचं झाकण वर टाकून ठेवणं चालत नाही. पट्टे आणि कुलूपबंद बकल हवेत. उन्हाने बकल ठिसूळ होतात, म्हणून महिन्यातून एकदा ओढून बघा. पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका. तळातली किंवा बाजूची शोषणाची जाळी तडकली असेल तर पंप लगेच बंद करा : तिच्यात केस ओढले गेले की मोठ्या माणसालाही डोकं वर काढता येत नाही. नवी जाळी बसेपर्यंत टब वापरू नका.

प्रश्न : मुलांसाठी हवा भरायचा पूल आणलाय, पाणी अर्धंच भरतो. चालेल?

उत्तर : नाही. त्यात ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी मावत असेल, तर तुम्ही किती भरता याला अर्थ नाही. कुंपण आणि नोंदणी दोन्ही हवी. त्याहून उथळ पूल घ्या, आणि मुलं बाहेर आली की पाणी ओतून तो पालथा घाला.

प्रश्न : नव्या पूलसाठी खोदकाम कधी सुरू करता येईल?

उत्तर : कौन्सिलची डेव्हलपमेंट परवानगी किंवा कम्प्लाइंग डेव्हलपमेंट प्रमाणपत्र (ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या बांधकामाला मिळणारी मंजुरी) हातात आल्यावरच. काम चालू असताना तात्पुरतं कुंपण उभं करा, कारण एका जोरदार पावसात खड्डा भरतो.